लागलं नाही ना, काका?

रग्बीचा चेंडू हातात आला तेव्हा समोर वीसेक पावले मोकळे मैदान होते. गेल्या काही वर्षांत माझ्या वाट्याला एवढी मोकळी जागा आलेली नसल्यामुळे मी क्षणभर गोंधळलो आणि मग, जमेल तसा, पळत सुटलो. डावीकडून एक मुलगा तिरका येताना दिसला. वय फार तर तेवीस-चोवीस, मोजे घोट्यापर्यंत उतरलेले, नजर माझ्या चेहऱ्यावर नव्हे तर कमरेवर, म्हणजे जिथे असायला हवी तिथेच. त्या तिरक्या रेषेचे पुढे काय होते हे मला पुरते ठाऊक आहे, कारण तीस वर्षांपूर्वी मीही लोकांवर तसाच जात असे. म्हणून मी चेंडू उजव्या बगलेत घेतला, हनुवटी छातीकडे ओढली, दातांतला माउथगार्ड घट्ट चावला आणि पोट आवळून धक्क्याची वाट पाहिली. धक्का आलाच नाही. शेवटच्या पावलाला तो मुलगा सैलावला. त्याचे दोन्ही हात माझ्या कमरेभोवती आले, गाल मांडीला टेकला आणि झोपलेल्या मुलाला अंथरुणावर ठेवावे तसे त्याने मला गवतावर ठेवले. चेंडू माझ्या हातून निसटला, खेळ पुढे गेला, आणि तो मात्र गुडघ्यावर तिथेच थांबून माझ्या तोंडाकडे वाकून विचारू लागला, “लागलं नाही ना, काका?”

“नाही,” मी म्हणालो. खरोखरच लागले नव्हते.

आणि नेमके तेच पुढचे तीन आठवडे माझ्या मनाला लागून राहिले.

आता ‘काका’ म्हटल्याचे वाईट वाटण्याचे माझे वय नाही. रांगेत, बसमध्ये, लिफ्टमध्ये मला सगळेच काका म्हणतात आणि मीही ओ देतो. या वर्षी मी बावन्न पूर्ण केली. त्या मुलाच्या वडिलांहून मी एखाद-दुसऱ्या वर्षाने मोठाच असेन. पण मैदानावर आजवर मला लोकांनी पाठीवरच्या आकड्याने हाक मारली होती, जागेच्या नावाने मारली होती, कधी कधी लिहिता येणार नाहीत अशा शब्दांनीही मारली होती, आणि त्यांतल्या कशातही माझे वय नव्हते. खरे तर शब्दापेक्षा ते सैलावणे मला जास्त सलत होते. मला पाडायला पूर्ण जोर लावण्याची गरज नाही, हा निर्णय त्याने धावता धावता, अर्ध्या सेकंदात घेतला होता. तो माझे पिकलेले केस पाहून घेतला, की दोन्ही गुडघ्यांवरच्या पट्ट्या पाहून, की माझी धावण्याची ढब पाहून, याचा मी घरी येईपर्यंत विचार करत होतो. रात्री झोपताना हिने विचारले, “कुठे लागलंय का?” मी म्हणालो, “नाही, आज काहीच लागलं नाही.” तिला माझ्या आवाजातली तक्रार कळली नाही, किंवा कळली असेल आणि तिने ती सोडून दिली असेल. रग्बी खेळणाऱ्या माणसाबरोबर बरीच वर्षे काढली की काय काय सोडून द्यायचे हे माणूस शिकतो.

न खेळलेल्या माणसाला टॅकल म्हणजे धडक वाटते. ती धडक नाही. ती मिठी आहे, फक्त फार वेगाने मारलेली. डोके त्याच्या शरीराच्या मागच्या बाजूला ठेवायचे, कधीही पुढे नाही. गाल त्याच्या मांडीला किंवा ढुंगणाला चिकटवायचा. खांदा लावायचा, दोन्ही हातांनी वेढायचे आणि दोघेही जमिनीवर येईपर्यंत सोडायचे नाही. हात न वेढता नुसता खांदा घातला तर दंड, खांद्याच्या रेषेच्या वर धरले तर दंड, उचलून डोक्यावर आपटले तर थेट लाल कार्ड. म्हणजे ज्याला पाडायचे त्याला नीट खाली आणण्याची जबाबदारी पाडणाऱ्याचीच. पूर्ण ताकदीनिशी आणि तरीही सांभाळून, अशी ही विचित्र कामगिरी आहे. डोक्याला होणाऱ्या इजांची भीती जसजशी खरी ठरत गेली तसतशी ही मिठी खाली खाली सरकली. फ्रान्समध्ये हौशी सामन्यांत २०१९पासून कमरेच्या वर धरता येत नाही, आणि इंग्लंडमध्ये २०२३पासून हौशी खेळाडूंनी उरोस्थीच्या टोकाखालीच धरायचे असा नियम झाला. नियम शहाणपणाचा आहे. अडचण एवढीच की खाली धरायचे तर खाली वाकावे लागते. विशीत मी छातीपाशी टॅकल करत असे तो माजाने. आज माझी टॅकल छातीपाशी जाते ती गुडघे आणि कंबर त्याखाली वाकायला राजी नसतात म्हणून. वय वाढते तशी माणसाच्या टॅकलची उंची वाढत जाते. हे कोणत्याही प्रशिक्षकाने मला सांगितलेले नाही, पण माझ्या बरोबरीच्या कुणालाही विचारा, तो मान हलवेल. आणि उशिरा, उंच आणि अर्धवट केलेली टॅकल करणाऱ्यालाच जास्त महागात पडते.

त्या मुलाची टॅकल मात्र नियमाच्या पुस्तकातल्या चित्रासारखी होती. तक्रारीला जागाच नव्हती, आणि त्यामुळे तर ती आणखी डाचत होती.

मी एके काळी चौदा नंबरचा खेळाडू होतो. चौदा नंबर म्हणजे उजव्या कडेचा विंगर. त्याने सामनाभर रेषेजवळ थंडीत उभे राहायचे आणि तीन-चार वेळा चेंडू मिळाला की जीव तोडून पळायचे. माझे पळणे चांगले होते, एवढेच. बाकी खेळ मला फारसा कळत नव्हता आणि कळण्याची गरजही पडत नव्हती. पस्तिशीनंतर पहिल्या दहा पावलांतली ठिणगी गेली. आधी वाटले की बूट जड झाले आहेत. मग वाटले की झोप कमी पडते आहे. मग एका रविवारी माझ्याहून मंद समजला जाणारा एक गडी मागून येऊन मला गाठून गेला, आणि त्यानंतर कुणीही काही न बोलता मी विंगवरून सेंटरला आलो. तिथून काही वर्षांनी स्क्रमच्या, म्हणजे दोन्ही संघांची आठ-आठ माणसे ओळी करून खांदे भिडवतात त्या जुडग्याच्या, मागच्या ओळीत, आणि शेवटी पहिल्या ओळीत, एक नंबरच्या जर्सीत. पाठीवरचा आकडा चौदावरून एकवर येईपर्यंत पंधरा वर्षे गेली. बहुतेक उतारवयाच्या संघांत हेच स्थलांतर चालू असते: कडेची माणसे आत येतात, मागची पुढे येतात, आणि वेगाच्या जागी वजन येते. वजनाच्या बाबतीत मी कधीच कमी पडलो नाही.

विंगवर असताना स्क्रम माझ्यासाठी दूरवरचा एक ढीग होता, तो उलगडेपर्यंत श्वास घेऊन घ्यायचा, इतकेच. आत गेल्यावर कळले की ते एक निराळेच गाव आहे. आठ माणसे एकमेकांना जर्सीच्या मुठी धरून बांधली जातात. मागच्या दोघांचे खांदे तुमच्या ढुंगणाखाली येतात, शेजारच्याच्या बरगड्या तुमच्या बरगड्यांना लागतात, समोर दीड हातावर तीन अनोळखी चेहरे असतात. पंच ‘क्राउच’ म्हणतो, ‘बाइंड’ म्हणतो, मग एक जीवघेणी शांतता, आणि ‘सेट’. त्या शांततेत सगळे ऐकू येते: कुणाचा तरी गुडघा कडकतो, कुणाच्या तरी नाकातून शिट्टी वाजते, मलमाचा मेंथॉलचा वास डोळ्यांत झोंबतो. माझा उजवा कान समोरच्याच्या दाढीवर घासतो, आणि वर्षानुवर्षे घासून त्याची पाळी आता वाळलेल्या अंजिरासारखी झाली आहे. आमच्या वयाच्या सामन्यांत बहुधा स्क्रममध्ये ढकलायचे नाही असेच ठरलेले असते, कारण मानेचे मणके कुणाच्याही हौसेपेक्षा मोलाचे. तरीही चेंडू आत पडला की समोरचा इंचभर रेटून पाहतो, मीही इंचभर रेटतो, पंचाला ते दिसते आणि तो दुसरीकडे पाहतो. त्या एका इंचात जे सुख आहे ते मला विंगवर सत्तर मीटर पळूनही मिळाले नव्हते. अर्थात हे मी आता म्हणतो. सत्तर मीटर पळता येत होते तेव्हा मला कुणी हा सौदा विचारला असता तर मी हसलो असतो.

चेंडू फक्त मागेच फेकता येतो आणि तरी पुढे जायचे असते, या नियमावरून आयुष्याविषयी काहीतरी सांगण्याचा मोह रग्बीवर लिहिणाऱ्या प्रत्येकाला होतो. मी तो आवरतो. मला त्यापेक्षा सोमवारविषयी सांगायचे आहे.

पूर्वी रविवारचा सामना रविवारी संध्याकाळीच संपत असे. आता तो बुधवारपर्यंत चालतो. सोमवारी सकाळी जाग येते तेव्हा डोळे उघडण्याआधी मी अंगाची हजेरी घेतो: मान आहे, डावा खांदा आहे, पाठीचा खालचा भाग आहे, पोटरी, हो, पोटरी तर आहेच. मोजे घालणे हे त्या दिवसाचे सर्वांत अवघड काम. जिना चढता येतो, पण उतरताना मांड्या दगा देतात, म्हणून कठडा धरून उलटे उतरावे लागते. शेजाऱ्यांना आता त्याची सवय झाली आहे. आणि हा सर्वांत वाईट दिवसही नव्हे. खरा दुखरा दिवस मंगळवार, कारण अनोळखी ताण पडलेले स्नायू दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच सर्वांत जास्त ठणकतात. तिशीनंतर दर दशकाला स्नायू काही टक्क्यांनी घटत जातात असे शरीरशास्त्र सांगते. आमच्या संघात कुणी ते वाचले नसले तरी प्रत्येकाने ते जोखले आहे. विशीत मी बुटांच्या नाड्या बांधत मैदानात शिरत असे. आता सामन्याआधी तासभर लागतो. गुडघ्याच्या पट्ट्या, घोट्याला टेप, पाठीला मलम, पोटरीला फोमच्या लाटण्यावर लाटणे. कपडे बदलायच्या खोलीत पंधरावीस अधेड माणसे निमूटपणे आपापले अवयव बांधत बसलेली असतात आणि टेप फाडल्याचा चर्र आवाज तेवढा येत राहतो.

हे सगळे कशासाठी, असे घरचे विचारतात, कचेरीतले विचारतात, आणि गेल्या वर्षी क्ष-किरणाचा फोटो उजेडासमोर धरून एका डॉक्टरांनीही विचारले. माझ्याकडे चांगले उत्तर नाही. ‘हौस’ हा शब्द मराठीत आहे म्हणून बरे, नाहीतर फार स्पष्टीकरणे द्यावी लागली असती. आमचा संघही हौशे, नवशे आणि गवशे अशा तिन्ही जातींचा आहे. एक जण वजन उतरावे म्हणून आला आणि वजनासकट राहिला. एकाला निवृत्तीनंतर रविवार खायला उठत होता. एकाचा घटस्फोट झाला तेव्हा त्याचा भाऊ त्याला ओढून घेऊन आला आणि पुढे भाऊ यायचा थांबला. या खेळात पैशांशिवाय खेळण्याचा एके काळी केवढा बडेजाव होता! खेळण्यासाठी बुडालेल्या मजुरीची भरपाई खाण-गिरण्यांतल्या खेळाडूंना द्यायची की नाही, या भांडणातून १८९५ साली उत्तर इंग्लंडमधले क्लब फुटून बाहेर पडले आणि त्यातून रग्बी लीग हा वेगळा खेळच जन्माला आला. उरलेल्यांनी आपले सोवळे पुढे तब्बल शंभर वर्षे सांभाळले आणि ऑगस्ट १९९५मध्ये अखेर ते सोडले. तेव्हापासून ‘हौशी’ म्हणवून घेण्यात मिरवण्यासारखे काही राहिलेले नाही, आणि माझ्या मते हौशी माणसाची त्यामुळे सोयच झाली. आमच्याकडून आता कुणालाच काही सिद्ध करून हवे नसते.

आम्हाला फक्त पंधरा माणसे जमवायची असतात, आणि तेच जमत नाही. शुक्रवारी रात्री अठरा होकार असतात. शनिवारी कुणाचा नातू येतो, कुणाची पाठ धरते, कुणाला एकाएकी लग्नाचा वाढदिवस आठवतो. रविवारी सकाळी कुंपणाशी अकरा जण उभे असतात आणि समोरच्या संघाकडून चार पोरे उसनी घ्यावी लागतात. अशा वेळी मला कलकत्ता क्लबाची आठवण येते. १८७८ साली त्या रग्बी क्लबाकडे पैसे शिल्लक होते, पण खेळायला माणसे उरली नव्हती. लोक टेनिसकडे आणि पोलोकडे वळले होते. तेव्हा त्यांनी बँकेतून चांदीचे २७० रुपये काढले, ते वितळवले आणि त्यांचा एक चषक घडवून घेतला. त्याला नागाच्या आकाराच्या तीन मुठी आहेत आणि झाकणावर हत्ती आहे, आणि १८७९पासून आजतागायत इंग्लंड आणि स्कॉटलंड त्यासाठी झुंजत आले आहेत. क्लब मोडण्याची इतकी देखणी रीत मी दुसरी ऐकलेली नाही. आमची वेळ येईल तेव्हा आमच्या शिल्लक निधीतून फार तर एक चमचा घडेल.

या सगळ्यात त्या मुलाचे सैलावणे मी विसरून गेलो असतो. पण एका रात्री झोप लागेना तेव्हा मला आठवले की हेच मीही एकदा केले होते.

मी तेव्हा पंचवीसच्या आतबाहेर असेन. समोरच्या संघात एक गृहस्थ होते, पन्नाशी केव्हाच उलटलेली, डोक्यावर चार केस, पाठ किंचित वाकलेली. ते सामनाभर धावत असे नाहीतच. पण चेंडू जिथे उसळून यायचा तिथे ते आधीच उभे असत. रग्बीचा चेंडू लंबगोल, टप्पा पडल्यावर कुठे जाईल हे चेंडूलाही ठाऊक नसते. ते त्यांना कसे कळे हे मला तेव्हा गूढ वाटे. उत्तरार्धात असाच एक चेंडू त्यांच्या हातात आला आणि रेषेपासून दहा-बारा पावलांवर त्यांच्या वाटेत मी एकटा होतो. मी पुढे झेपावलो, आणि ती वाकलेली पाठ पाहून शेवटच्या क्षणी सैलावलो. ते खांदा घासून माझ्या बाजूने निघून गेले. अजिबात घाई न करता रेषा ओलांडली, चेंडू दोन्ही हातांनी गवतावर टेकवला, आणि बराच वेळ तसेच ओणवे राहिले. त्यांच्या संघातली पोरे ओरडत होती, मी कमरेवर हात ठेवून पाहत होतो. मला वाटले, म्हातारा मला खिजवतो आहे, मुद्दाम वेळ लावतो आहे. त्याचा मला इतका राग आला की सामना संपल्यावर मी त्यांच्याशी हात मिळवायलाही गेलो नाही.

आज मला कळते की त्यांना सरळ होता येत नव्हते.

आणि जी गोष्ट मला अजून कळलेली नाही ती ही, की मी सैलावलो होतो हे त्यांना जाणवले होते का. जाणवले असेल तर त्यांनी त्याचा फायदा घेतला आणि पाच गुण पटकावले. मी मात्र तशा क्षणी पोट आवळून धक्क्याची वाट पाहत उभा राहिलो. त्यांच्या जागी असण्याची अक्कल मला अजून यायची आहे.

तोक्योमध्ये १९४८ साली निघालेला चाळिशीपुढच्या खेळाडूंचा एक रग्बी क्लब आहे. त्याचे नाव फुवाकु. कन्फ्यूशियसच्या एका वचनातून ते आले आहे: चाळिशीत माणसाच्या मनात संभ्रम उरत नाही. (जपानी क्लबाने नाव घेतले तेव्हा त्यात थोडी थट्टा असावी, अशी मला आशा आहे.) तिथे वय चड्डीच्या रंगावरून ओळखतात. चाळिशीतल्यांची पांढरी, पन्नाशीतल्यांची गडद निळी, साठीत लाल, सत्तरीत पिवळी, ऐंशीत जांभळी आणि नव्वदीत सोनेरी. न्यूझीलंडमध्ये ऑकलंडला १९७९ साली ज्येष्ठांच्या रग्बीचा ‘गोल्डन ओल्डीज’ महोत्सव सुरू झाला, त्या परंपरेतही चड्डीचा रंग पाहून समोरच्याने ठरवायचे असते की या माणसाला पाडायचे, की नुसते धरायचे, की तेही नाही. हे पहिल्यांदा ऐकले तेव्हा मी हसलो होतो. आता वाटते की त्यात फार मोठी सोय आहे. ज्याला जोर आवरायचा आहे त्याला अर्ध्या सेकंदात चेहरा वाचावा लागत नाही, आणि ज्याच्यासाठी आवरला जातो त्याला तीन आठवडे खल करावा लागत नाही. चड्डीकडे बोट दाखवले की झाले. माझी निळी. निळ्याला पाडायला हरकत नसावी, असा माझा समज आहे.

१९९९च्या विश्वचषकात उरुग्वेचा कर्णधार दिएगो ओर्माएचेया वयाच्या चाळिशीत खेळला आणि स्पेनविरुद्ध त्याने ट्रायही केला, म्हणजे चेंडू रेषेपलीकडे नेऊन टेकवला. त्या स्पर्धेत त्याच्याहून वयस्क खेळाडू आजवर उतरलेला नाही. पेशाने तो पशुवैद्य. माझ्या चाळिशीत मी हे उदाहरण घरी फार वेळा सांगत असे. पन्नाशीत ते सांगणे थांबवले, कारण एकदा हिने शांतपणे विचारले, “आणि सामन्यानंतर त्याचे मोजे कोण काढायचं?”

भीती वाटत नाही असे मी म्हणणार नाही. दोन वर्षांपूर्वी आमच्यातल्या एकाचे डोके दुसऱ्याच्या गुडघ्यावर आदळले. तो उठला, हसला, आणि आम्ही कुणाविरुद्ध खेळतो आहोत असे त्याने मला तीनदा विचारले. तिन्ही वेळा त्याच शब्दांत आणि त्याच कुतूहलाने. आम्ही त्याला बाहेर बसवले, त्याच्या बायकोला फोन केला, आणि तो दुसऱ्या अर्ध्यात परत यायचा हट्ट करू लागला तेव्हा त्याचे बूट लपवले. डोक्याला असा मार बसला की हौशी खेळाडूने किमान २१ दिवस सामन्यापासून लांब राहायचे आणि मग टप्प्याटप्प्याने परतायचे, असा दंडक आहे. तो परतलाच नाही. आता तो कडेला उभा राहून पाण्याच्या बाटल्या सांभाळतो. त्याला फार समाधान आहे असे तो म्हणतो. पण आम्ही स्क्रमसाठी बांधले जातो तेव्हा मी कधी तिकडे पाहिले तर त्याचे दोन्ही हात नकळत मुठी वळून पुढे आलेले असतात.

तीन रविवारांनी तो मुलगा मला पुन्हा भेटला. सामन्याआधी कपडे बदलायच्या खोलीबाहेरच्या पायरीवर उघड्या अंगाने बसून तो एका हाताने दुसऱ्या खांद्यावर टेप लावण्याची खटपट करत होता. टेप स्वतःलाच चिकटून तिची दोरी झाली होती. मी समोरून जात होतो, त्याने वर पाहिले आणि म्हणाला, “काका, जरा लावून देता?”

मी शेजारी बसलो. खांद्याच्या टोकावर, हासळीचे हाड जिथे संपते तिथे, बोराएवढा उंचवटा होता. मी अंगठ्याने हलकेच दाबले तसा त्याने श्वास आत ओढला.

“कधीपासून आहे हे?”

“झाला की महिना, दीड महिना. त्या दिवशी तुम्हाला धरलं ना, तेव्हाही होताच. म्हणून तर जोरात आलो नाही. म्हटलं, आधी आपला खांदा वाचवू.”

मी टेपचे टोक नखाने शोधत राहिलो. तीन आठवडे मी माझ्या केसांचा, गुडघ्यांचा, धावण्याच्या ढबीचा हिशेब मांडत होतो, आणि त्या अर्ध्या सेकंदात मी त्याच्या हिशेबात कुठे नव्हतोच. आधी हायसे वाटले. त्यामागोमाग, का कोण जाणे, थोडा हिरमोडही झाला.

“मग मला ‘लागलं नाही ना’ असं का विचारलंस?”

“तुम्ही उठतच नव्हता,” तो म्हणाला. अगदी सरळपणे.

यावर माझ्याकडे बोलण्यासारखे काही नव्हते. मी त्याला हात कमरेवर ठेवायला सांगितला, म्हणजे खांदा वर राहतो. त्वचा कोरडी करून घेतली. पहिली पट्टी छातीवरून उंचवट्यावर आणि मागे पाठीच्या फऱ्यावर, दुसरी तिला अर्धी झाकत, तिसरी दंडावरून वर. प्रत्येक पट्टी तळहाताने दाबून थोडा वेळ धरायची, अंगाच्या उबेने डिंक नीट बसतो. हे मला बऱ्याच वर्षांपूर्वी कुणीतरी असेच पायरीवर बसवून शिकवले होते. दाबताना त्याचा गाल आक्रसला.

“दुखलं का रे?”

“नाही, काका,” तो म्हणाला, नको इतक्या चटकन.

“आज बाहेर बस. आणि उद्या कुणाला तरी नीट दाखव.”

“पूर्ण नाही खेळत. अर्धाच वेळ.”

हे ‘अर्धाच वेळ’ मी स्वतः इतक्या लोकांना सांगितले आहे की मला त्याच्याशी वाद घालता येईना. आतून बुटांचे खिळे फरशीवर वाजू लागले, कुणीतरी पंधरा होतात का ते मोजत होते आणि दर वेळी वेगळा आकडा सांगत होते.

“कुणाकडून आहेस आज?” मी विचारले.

“समोरून.”

मी दातांनी चौथी पट्टी तोडली.